रोमन शेलापागोटे

१ जानेवारी, सकाळी

नव्या वर्षाचे संकल्प. यंदा मोजकेच, पण पोलादी.

एक. अक्षया सप्टेंबरमध्ये मेडिसिनला परत गेली पाहिजे. मँचेस्टरला तीन वर्षं मेडिसिन उत्तम झालं. मग मध्येच वर्षभर दुसरा विषय घेऊन एक पदवी करायची इथे सोय असते, ती हिने घेतली. बाकीची मुलं जेनेटिक्स घेतात, फार्माकॉलॉजी घेतात. आमच्या कन्येने घेतलं लॅटिन. प्रबंधाचा विषय: रोमन व्यंगकवितेतले वैद्य. अरुणा म्हणते, पोरगी रमली आहे. मी म्हणतो, विषय नीट बघ. एवढ्या जुन्या रोममध्ये सोडली तरी पोरीने वैद्यच हुडकून काढले. रक्तातच आहे. फक्त जरा ढकलायला हवं, आणि तेही तिला न कळता.

दोन. वजन कमी करणे. मागील पानावरून पुढे चालू.

तीन. कमी बोलणे. हा अरुणाने घातलेला. का, असं मी विचारलं होतं. ती सांगायला लागली तेवढ्यात मला काहीतरी महत्त्वाचं आठवलं, ते मी सांगितलं, आणि तिचं कारण राहून गेलं.

४ जानेवारी

अक्षया मँचेस्टरला परतली. स्टेशनवर तिच्या इंग्लंडी मराठीत म्हणाली, बाबा, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचा आहे. मी आधी तिला उलट्या दिशेच्या सीटवर बसल्यावर मळमळ का होते आणि कानातल्या द्रवाचा त्याच्याशी काय संबंध, हे समजावून दिलं. चौथ्या वर्षाला उपयोगी पडेल. तेवढ्यात गाडी सुटली. काचेपलीकडे ती काहीतरी बोलत होती. चार्जर विसरली असणार. घरी येऊन शोधला. सापडला नाही.

५ जानेवारी

योजना पक्की. उपदेश करायचा नाही, शत्रूच्या गोटात शिरायचं. तिचे कवी मीच वाचणार. फोनवर सहज दोन ओळी टाकल्या की ती चकित होणार, मग कवितेवरून वैद्यावर आणि वैद्यावरून चौथ्या वर्षावर आणणार.

लॅटिनची भीती नाही. दिवसातून दोनदा, जेवणानंतर, गरज पडल्यास, हे सगळं आम्ही डॉक्टर लॅटिनमध्येच तर लिहितो. तीस वर्षं लॅटिन लिहितोय आणि एकाने तरी कौतुक केलंय का?

११ जानेवारी

लॅटिन तूर्त इंग्रजीतून वाचायचं ठरवलं. लायब्ररीतून भाषांतरांचा गठ्ठा आणला.

११ जानेवारी, संध्याकाळी

हे कवी आहेत की काय आहेत? वैद्य दिसला रे दिसला की यांच्या अंगात येतं. वैद्य म्हणजे खुनी. वैद्य म्हणजे चोर. वैद्य घरात शिरला की मृत्युपत्र आवरून ठेवा, आणि बायकोकडेही लक्ष असू द्या. पंधरा पानं वाचली, एक पेशंट बरा झालेला नाही. मंडईत भाजीवाल्यांनासुद्धा इतकं बोलत नाही कोणी.

अरुणाला वाचून दाखवलं. तिला हसू आवरेना. कुठल्या ओळीवर, ते विचारलं तर म्हणाली, सगळ्याच.

१२ जानेवारी

रात्रभरात उलगडा झाला. त्या काळी रोममध्ये ना परीक्षा, ना रजिस्ट्रेशन. कोणीही उठावं आणि वैद्य व्हावं. म्हणजे हे कवी खऱ्या डॉक्टरांवर लिहीतच नव्हते. आज असते तर माझ्यावर स्तोत्र लिहिलं असतं.

शिवाय बरेचसे वैद्य ग्रीक. म्हणजे बाहेरून आलेले डॉक्टर आणि गावातल्यांच्या शिव्या. हे वाचल्यावर मात्र रोमबद्दल एकदम घरच्यासारखं वाटलं.

२० जानेवारी

आज वॉर्ड राउंडला मागे सहा स्टुडंट्स, रजिस्ट्रार, एक फार्मसिस्ट. बेडशेजारच्या खुर्चीत गृहस्थ बसले होते. त्यांना त्यांच्या लिव्हरबद्दल साध्या शब्दांत सगळं सांगितलं. त्यांनी तीनदा तोंड उघडलं, पण पेशंट बुजरे असतात, आपल्याला धीर द्यावा लागतो. मी धीर देत बोलत राहिलो. मग झोपवून पोट तपासलं. पोट उत्कृष्ट. रिपोर्टपेक्षा कितीतरी चांगलं.

नंतर सिस्टर म्हणाली, तो पेशंटचा भाऊ. पेशंट टॉयलेटला गेला होता.

ठीक आहे. भावालाही लिव्हर असतंच. त्याला फुकटात सेकंड ओपिनियन मिळालं. हा किस्सा मंडळात सांगितला पाहिजे, नर्सिंग स्टाफच्या ढिलाईचं उदाहरण म्हणून.

८ फेब्रुवारी

साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मंडळाची मीटिंग. एप्रिलच्या वार्षिक स्नेहसंमेलनाचा सांस्कृतिक प्रमुख: मी. बिनविरोध. (उमेदवारही एकच.)

चहा पीत काव्यवाचनाचा विषय चालला असतानाच डोक्यात वीज चमकली. शेलापागोटे! सेक्रेटरी धम्मशीला नागपूरची, वयाने लहान, म्हणाली, म्हणजे फिशपॉन्ड का हो डॉक्टर? मी म्हटलं, तेच. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला नाव न लिहिता कोणावरही दोन ओळी चिठ्ठीवर खरडायच्या, पेटीत टाकायच्या, आणि स्टेजवरून मोठ्याने वाचायच्या. ज्याच्यावर, त्याने उठून नमस्कार करायचा. रोमन कवी दुसरं काय करत होते? टोपणनाव द्यायचं आणि सगळं गाव कोण ते ओळखत बसायचं.

म्हणून यंदा रोमन शेलापागोटे. टार्गेट फक्त डॉक्टर, नावं रोमन. मंडळात निम्मे डॉक्टर, आणि उरलेले निम्मे प्लेट हातात आली की मोबाइलवर रिपोर्ट दाखवणारे. ठराव क्षणात पास. या मंडळाने आजवर चहासुद्धा इतक्या चटकन मंजूर केला नव्हता. लोकांना माझी कल्पना फारच आवडली. काहींच्या डोळ्यांत मला चमक दिसली.

आतली गोष्ट वेगळीच. अक्षया संमेलनाला येणार. डॉक्टर मंडळी कशी खिलाडू, कशी लाडकी, समाजात कसं स्थान, हे ती डोळ्यांनी बघेल. पुढचं काम आपोआप.

१५ फेब्रुवारी

रोमन नावांची यादी अक्षयानेच करून धम्मशीलाला पाठवली. म्हणजे पोरगी मनाने मेडिसिनमध्ये परत आलीच आहे. शरीर तेवढं आणायचं बाकी.

मी शेलापागोटे लिहायला बसलो. लक्ष्य ठरलेलं: डॉ. हरीश. आमच्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. मंडळात सगळ्या बायका आपल्या मुलांच्या तक्रारी त्याच्यापाशी घेऊन जातात, आणि हा नुसता मान डोलावतो. मान तर पंखाही डोलावतो. यात वैद्यकशास्त्र काय आहे? मी त्याला नाव दिलं सोम्नुस, म्हणजे झोप.

सोम्नुस वैद्य सुई टोची, पेशंट घोरू लागे;
सुई विसरून नुसता बोलला, तरी कोणी न जागे.

अरुणाला ऐकवलं. ती म्हणाली, पण रघू, हरीशला एवढं बोलताना तू पाहिलंयस कधी? मी म्हटलं, म्हणूनच. यावर तिने मला त्या दोन ओळी पुन्हा मोठ्याने वाचायला लावल्या. बायकोला नवऱ्याच्या प्रतिभेची सवय व्हायला एवढी वर्षं लागतात.

२२ फेब्रुवारी

अक्षयाचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, बाबा, आज प्लीज पाच मिनिट ऐका, सिरियस आहे. मी म्हटलं, तू बोलूच नकोस, बापाला सगळं कळतं. चौथ्या वर्षाची धास्ती बसली आहे. वर्षभर गॅप पडला की सगळ्यांना वाटतं विसरलो. मग मी माझ्या चौथ्या वर्षाची हकिगत सांगितली. मग पाचव्या. ती हात गालावर ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, ओके बाबा. आवाज किती शांत झाला होता.

तिचं ओझं उतरवल्याचं समाधान वाटलं. लगेच तिच्यासाठी स्टेथोस्कोप ऑर्डर केला. त्यावर नाव कोरून: डॉ. अक्षया. संमेलनाच्या आदल्या दिवशी द्यायचा.

७ मार्च

वजन: जैसे थे. काटा जुना झाला आहे.

कमी बोलणे: उत्तम प्रगती. आज ब्रेकफास्टला पूर्ण वेळ गप्प होतो. दाढेत भरणी केल्यामुळे, पण गप्प तो गप्प.

१४ मार्च

इंडियन ग्रोसरीत हरीश भेटला. हातात मेथीची जुडी. बाजूला घेऊन म्हणाला, रघुवीर, अक्षयाशी बोललास का रे? मी म्हटलं, रोज बोलतो. तो म्हणाला, तसं नाही, एकदा नुसतं तिचं ऐकून घे.

मी ओळखलं. शेलापागोट्यांत त्याच्यावर काय काय आहे याचा वास काढायला आला होता. मुलीचं निमित्त. मी ताकास तूर लागू दिली नाही. उलट त्याला मेथी कशी निवडावी आणि तिने पोटात वायू का धरतो यावर बोलून घोळात घेतलं. त्याने मान डोलावली.

२८ मार्च

धम्मशीलाचा फोन. पेटी भरली म्हणून तिने राइस कुकरचा रिकामा खोका घेतला, तोही भरत आलाय. डॉक्टर, तुम्ही मनावर घेणार नाही ना, असं विचारत होती. मी म्हटलं, अगं, मी का घेईन? हरीशने घ्यायला नको म्हणजे झालं. पलीकडून फोनच कट झाला. नेटवर्क.

बिचारा हरीश. माणसांच्या मनात त्याच्याबद्दल एवढं साठलं असेल असं वाटलं नव्हतं. संमेलनात त्याच्या शेजारी बसून धीर देईन म्हणतो.

१७ एप्रिल

अक्षया आली. जेवणानंतर स्टेथोस्कोप दिला. तिने डब्यातून काढला, नाव वाचलं, आणि डोळ्यांत पाणी. ती म्हणाली, बाबा, हे नको होतं. मी म्हटलं, बापाने नाही द्यायचं तर कोणी? तिने मला मिठी मारली आणि वर निघून गेली. अरुणाही तिच्यामागे गेली. दोघींचं बराच वेळ हळू आवाजात चाललं होतं. आनंद असा पचवावा लागतो.

जिंकलो. उद्या फक्त औपचारिकता.

१८ एप्रिल, दुपारी, निघण्याआधी

झब्बा घट्ट. ड्रायरमध्ये आटला.

अरुणा म्हणाली, आज काही झालं तरी लगेच उठून भाषण करू नकोस. मी तिला वचन दिलं आणि भाषणाचा कागद खिशात ठेवला.

१९ एप्रिल, सकाळी

कालचं लिहितो. क्रमाने लिहितो.

शाळेचा हॉल, तुडुंब. मी पहिल्या रांगेत, शेजारी हरीश. मागच्या रांगेत अरुणा आणि अक्षया. धम्मशीला नऊवारी नेसून स्टेजवर, हातात कुकरचा खोका.

पहिलीच चिठ्ठी गॅरुलस नावाच्या वैद्यावर. हे नाव मला यादीत दिसलं नव्हतं. गॅरुलस म्हणजे गार हातांचा असणार, ऑपरेशन थिएटरात गारठा असतो, म्हणजे हरीशच.

गॅरुलसने नाडी धरली, गोष्ट केली सुरू;
नाडी कधीच थांबली हो, गोष्ट अजून सुरू.

हॉल हसून फुटला. मीही. हरीशच्या पाठीवर थाप मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

दुसरी चिठ्ठीही गॅरुलसवर. तिसरीही. हा वैद्य लग्नात वराला आतड्यांची लांबी सांगतो, स्मशानात गेला तर मयताला पथ्य सांगतो. मी हसून हसून खुर्ची धरली. मग ही आली:

गॅरुलसने लिव्हर तपासलं, उत्तम म्हणाला गडी;
पेशंट गेला मोरीत, पोट भावाचं बापडी.

यमकासाठी शेवटी मराठीचे हाल केलेले, पण टाळ्या कडाडल्या. मी हरीशकडे वळून म्हटलं, तुझ्याकडूनही असंच झालं होतं का रे? कमाल आहे, मला वाटलं होतं मी एकटाच. तो म्हणाला, नाही रे, माझ्याकडून नाही.

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी इतका खूश होतो की पडायला जागाच नव्हती.

मग धम्मशीलाने एक चिठ्ठी उघडली, वाचली, आणि थांबली. मागच्या रांगेकडे बघितलं. मग वाचली.

आ कर म्हणाला गॅरुलस. मी बोलणार इतक्यात
जीभ बघून म्हणाला, छान, जा परत कॉलेजात.
सांगायचं ते राहून गेलं जिभेच्याच खाली;
वैद्याची मी लेक, माझी तपासणीच झाली.

सवयीने मी मोठ्याने हसलो. हसताना कळलं की मी एकटाच हसतोय. सगळ्या हॉलमध्ये माझंच हसू, आणि ते मला थांबवता येईना, कारण थांबल्यावर काय करायचं ते माहीत नव्हतं.

ज्याच्यावर चिठ्ठी, त्याने उठून नमस्कार करायचा, हा नियम माझाच. मी हरीशकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही. त्याला मुलगी नाहीच. दोन मुलगे, एक बँकेत.

मी उठलो. नमस्कार केला. आधी कुणीतरी एकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. खूप प्रेमाच्या टाळ्या होत्या. इतका लाजलो नव्हतो मी कधी. खिशात भाषण होतं. काढलं नाही.

गाडीत कोणीच बोललं नाही. मी तर नाहीच.

१९ एप्रिल, दुपारी

ब्रेकफास्टला अक्षयाला म्हटलं, काय सांगायचं होतं ते सांग. एवढंच म्हटलं. पुढची तीन वाक्यं जिभेवर आली होती, ती टोस्टबरोबर गिळली.

ती मेडिसिनला परत जात नाहीये. कधीच नाही. लॅटिनचंच पुढे शिकणार. युनिव्हर्सिटीला मार्चमध्येच कळवलंय. अरुणाला जानेवारीपासून माहीत. हरीशला फेब्रुवारीत सांगितलं. तोच म्हणाला म्हणे, आधी बाबांशी बोल. ती म्हणाली, ट्राय केला काका, खूप वेळा केला. चिठ्ठीतलं मराठी अरुणाने सरळ करून दिलं. गॅरुलस म्हणजे लॅटिनमध्ये बडबड्या, हेही आजच कळलं. धम्मशीलाने काल वाचण्याआधी तिला नजरेने विचारलं, वाचू का. तिने मानेनेच हो म्हटलं.

म्हणजे भूलवाल्याला कळलं, राइस कुकरच्या खोक्याला कळलं. शेवटचा मी. वाईट वाटलं. ती डॉक्टर होणार नाही याचं वाटलंच, खोटं कशाला लिहू. पण तिला हे मला सांगायला एवढा मोठा हॉल भाड्याने घ्यावा लागला, याचं जास्त वाटलं.

मी विचारलं, त्या कवींमध्ये असं आहे तरी काय?

मग ती बोलायला लागली. श्वास न घेता. चमचा हातात नाचवत, मध्येच उठून, मध्येच बसून, मार्मलेड म्हणजे रोम आणि बटर म्हणजे ग्रीक वैद्य असं टेबलावर मांडून. कवी वैद्यांना शिव्या का देतात, तर आजारी माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्याचं कोणी ऐकत नाही, असलं काहीतरी. अरुणाने दोनदा चहा विचारला, हिला ऐकूही आलं नाही. मला मध्येच एक फार चांगला मुद्दा सुचला. मी तोंड उघडलं. ती हात वर करून म्हणाली, बाबा, एक मिनिट, माझा पॉइंट संपू दे. मी तोंड मिटलं. मुद्दा विसरलो.

अकरा वाजले तरी चालूच होतं. मुलगी हुशार आहे यात शंका नाही, पण समोरच्याला एक अक्षर बोलू देत नाही. ही सवय हिला कुठून लागली, देव जाणे. अरुणाला विचारलं. ती म्हणाली, जेवून घे.